शाफ्टकडची खिडकी

नोएडा, २७ एप्रिल १९९७

प्रिय राजामामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आमच्या फोनचा नंबर अजून लागलेला नाही, म्हणून पत्रच बरं.

आम्ही तुमच्या फ्लॅटमध्ये रुळलो. पुष्करचं ऑफिस स्कूटरवर पंधरा मिनिटं. पुण्याहून बदली झाली म्हटल्यावर तुम्ही एका शब्दावर किल्ली दिलीत, हे आई येईल त्याला सांगत असते. सोसायटीत निम्मे फ्लॅट रिकामे आहेत. दुपारी खाली कुत्रंसुद्धा दिसत नाही. आपल्या मजल्यावर शेजारी तर दाराला कुलूपच आहे.

आता कामाचं. सलोनीला नऊ महिने पूर्ण झाले आणि अंगभर घामोळं आलंय. तिला मागच्या खोलीत झोपवते, कारण तुमचा खिडकीतला एसी तिथेच आहे. तो पंखा फिरवतो, आवाज करतो, पण हवा गार नाही. वर समोरून पाणी गळून पलंगाची एक बाजू भिजते. तुम्ही तीस वर्षं सरकारी इमारतींचे एसी सांभाळलेत, म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी तुम्हाला विचारते.

मामींना नमस्कार.

तुमची मृणाल

---

सांगली, ५ मे १९९७

मृणाल बाळ,

तुम्हा तिघांना आशीर्वाद. अच्छा झालं, आधी मला लिहिलंस. नोएडाचे मेकॅनिक आल्याआल्या गॅस संपला म्हणून सांगतात. दहातल्या आठ वेळा गॅस जागच्या जागी असतो.

पहिलं काम जाळी. पुढचं प्लास्टिकचं तोंड खालून ओढलं की निघतं. आतली जाळी नळाखाली धू आणि सावलीत वाळव. दर पंधरा दिवसांनी हे करायचंच, दिल्लीची धूळ कोणाला सोडत नाही. जाळी तुंबली की कॉइलवर बर्फ धरतो, आणि बर्फ वितळला की ते पाणी तुझ्या पलंगावर.

मग उतार बघ. मशीन मागच्या बाजूला अर्धा इंच खाली हवं. ताटलीत थोडं पाणी घालून वर ठेव. पाणी खोलीकडे सरकलं तर पुढच्या बाजूला खाली लाकडाची पाचर मार. आणि स्टॅबिलायझरचा काटा एकशे ऐंशीच्या खाली असेल तर मशीन लावूच नकोस. बंद केल्यावर तीन मिनिटं थांबल्याशिवाय परत चालू करायचं नाही.

आणखी एक. अकरा ते चार चालवू नकोस. सकाळी चालव, संध्याकाळी चालव, दुपारी पुढच्या खोलीत कूलर लाव. आणि मागे काही अडकल्यासारखं वाटलं तर मेकॅनिकला तिथे हात घालू देऊ नकोस. आधी मला लिही.

तुझी मामी सलोनीसाठी झबली शिवते आहे.

तुझा राजामामा

---

नोएडा, १४ मे १९९७

प्रिय मामा,

जाळी धुतली तर तिच्यातून गोधडीएवढी धूळ निघाली. पाचर मारली, पाणी थांबलं. पुष्कर म्हणाला, मामांना पोस्टाने डॉक्टरकी करता येईल.

पण दुपारी बंद ठेवायचं मला जमलं नाही. तुम्ही विजेसाठी म्हणत असाल, पण इथे बेचाळीस आहे आणि सलोनी रडून रडून लाल होते. दुपारी लावलं की दहा मिनिटं छान गार होतं. मग मागचा पंखा जड झाल्यासारखा घुमायला लागतो आणि मशीन खटकन बंद पडतं. सकाळी आणि संध्याकाळी असं होत नाही, फक्त दुपारीच.

म्हणून रागावू नका, पण मार्केटमधल्या नरसिंह मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, मागची गरमी बाहेर पडत नाहीये, म्हणून मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. त्याने अख्खं मशीन खोलीत ओढून घेतलं. मागच्या भोकात एक ओढणी होती. पांढरी, मलमलीची, नीट चार घड्या घालून भोकाच्या तोंडाशी बोटांनी दाबून बसवलेली. आणि ओली.

मामा, ही खिडकी उघड्या शाफ्टवर, म्हणजे दोन फ्लॅटमधल्या हवेच्या मोकळ्या जागेवर आहे, असं तुम्ही म्हणायचात. नरसिंहने भोकातून टॉर्च मारला आणि म्हणाला, "मैडम, पीछे तो कमरा बना हुआ है." मीही वाकून पाहिलं. शाफ्टवर स्लॅब टाकून छोटी खोली केली आहे. एक चारपाई आहे आणि समोर बंद दार. म्हणजे आपल्या मशीनची पाठ शेजाऱ्यांच्या खोलीत आहे. नरसिंह म्हणाला, गरम हवा लागते म्हणून त्यांनीच कापड कोंबलं. पण शेजारी तर कुलूप आहे, आणि कुलपावर कोळ्याचं जाळं.

मशीन परत बसवलं. दुसऱ्या दिवशी हवेला मोहरीच्या तेलाचा वास येत होता, केसांना लावतात तसा. आणि कोणीतरी खोकलं. पत्रा वाजला असेल. तिथे कोण राहतं, तुम्हाला काही माहीत आहे का?

मृणाल

---

सांगली, २२ मे १९९७

मृणाल,

तिथे कोणी राहत नाही. शाफ्टवर शेजारच्या सबरवालने स्टोअररूम बांधली होती, बिल्कुल बेकायदा. दोन वर्षांपूर्वी ते लोक फरीदाबादला गेले.

कापड तुझ्या मामीनेच कधीतरी थंडीचं वारं अडवायला घातलं असेल. मशीनचं पाणी मागच्या बाजूलाच पडतं, म्हणून ते ओलं. वास येतो कारण बाहेरची हवा आत घेणारी व्हेंट उघडी आहे. बटणांच्या शेजारी एक खुंटी आहे, ती बंदकडे फिरव. खोकला म्हणजे कॉम्प्रेसर बंद होताना मारतो तो धक्का. प्रत्येक आवाजाला कारण असतं.

ओढणी टाकून दे. मशीन तिथून काढून पुढच्या खोलीच्या खिडकीत बसवून घे, आणि हे या आठवड्यात कर. सलोनीला त्या खोलीत झोपवू नकोस. शेजाऱ्यांबद्दल सोसायटीत विचारत बसू नकोस, लोक उगाच काहीही बोलतात.

राजामामा

---

नोएडा, २ जून १९९७

मामा,

पुढच्या खिडकीचा गज कापायला लोहार हवा, तो गावी गेलाय. म्हणून मशीन अजून तिथेच आहे.

मी ओढणी टाकली नव्हती. धुऊन गच्चीवर वाळत घातली होती. मामी पातळ नेसतात, त्यांच्याकडे मलमलीची ओढणी कुठली? आणि तिच्या काठाला बारीक, हाताने घातलेली शिवण आहे. वाळल्यावर घडी करून कपाटात ठेवली. चार दिवसांनी दुपारी मशीन पुन्हा अडखळलं. नरसिंहने ओढून काढलं. मागे दुसरी ओढणी होती. तशीच घडी, तशीच शिवण, तशीच ओली. त्याने मशीन आत ढकललं, हत्यारं गोळा केली आणि गेला. आता बोलावलं तर येत नाही.

परवा दुपारी मशीन चालू होतं. मी सलोनीला मांडीवर घेऊन बसले होते. मागून टकटक झाली, तीनदा. रागाची नव्हती. न्हाणीघरात कोणी आहे का ते विचारायला आपण दार वाजवतो, तशी. मी मशीन बंद केलं, टकटक थांबली. तीन मिनिटांनी चालू केलं, पाचएक मिनिटांत परत टकटक. मी हे चार वेळा करून पाहिलं, मामा. चारही वेळा तसंच झालं. सलोनी घाबरली नाही. ती जाळीकडे बघून हात पुढे करत होती, कोणी घ्यायला आलं की करते तसे.

तुम्ही नको म्हणालात तरी मी खाली चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, तिथे सबरवालांची म्हातारी आई राहायची, बीजी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्या मागच्या खोलीतच वारल्या. आणि मग म्हणाला, "आपके मामाजी को सब पता है."

तुम्हाला काय माहीत आहे?

मृणाल

---

सांगली, १० जून १९९७

मृणाल बाळ,

तुझं पत्र तुझ्या मामीने, वासंतीने, वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली. आता खरं लिहितो.

मी फ्लॅट घेतला तेव्हा शाफ्ट उघडा होता. मशीन मी माझ्या हाताने बसवलं. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर सबरवालने शाफ्टवर स्लॅब टाकला. मी जाऊन भांडलो. म्हटलं, माझ्या मशीनची हवा कुठे जाणार? तो म्हणाला, "अंकल, स्टोर है, आप अपना एसी हटा लो." मी म्हटलं, मी आधी बसवलंय, तू भिंत हटव. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. बाळ, मी रिटायर होईपर्यंत साहेब होतो, आणि तो माझ्या मुलाच्या वयाचा. मला वाटलं, चलो, गरम होऊ दे त्याचं स्टोअर. गरज नसली तरी मी मशीन चालवायचो.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात मशीन दुपारचं अडखळायला लागलं. मला लगेच कळलं की मागे कापड कोंबलंय. सबरवालची बदमाशी, असं मी धरून चाललो. मी मशीन बाहेर ओढलं नाही. ओढलं असतं तर भोकातून आतलं दिसलं असतं. बाजूच्या फटीतून लोखंडी सळई घातली आणि कापड पलीकडे ढकललं. दुसऱ्या दिवशी परत कापड, परत सळई. आठ-नऊ दिवस हे चाललं. वासंती म्हणाली, पलीकडून कोणी ठोकतंय. मला ऐकू येत नव्हतं. मी तिला म्हटलं, मशीन जुनं झालं, पत्रा वाजतो.

एकदा सळईला कापडाऐवजी काहीतरी मऊ लागलं आणि ते झटकन मागे सरलं. मला वाटलं, मांजर असेल.

बावीस मेला घरी पाहुणे होते. मशीन अकराला लावलं ते संध्याकाळपर्यंत बंद केलं नाही. त्या दिवशी कापड आलंच नाही. मशीन इतकं सुरेख चाललं की मी पाहुण्यांना म्हटलं, सबरवालने हार मानली.

संध्याकाळी सात वाजता त्यांच्या घरातून रडणं ऐकू आलं. म्हणजे वासंतीला ऐकू आलं. बीजी विसरभोळ्या झाल्या होत्या. नवरा-बायको दोघं नोकरीला, आणि त्या रस्त्यावर निघून जायच्या, म्हणून दोघं दुपारी त्यांना त्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायचे. डॉक्टरने वय झालं असं लिहिलं. मला कोणी काही म्हटलं नाही. सबरवालसुद्धा नाही. आम्ही दोघं तिरडीजवळ एकमेकांसमोर उभे होतो. त्याच्या आईच्या उजव्या हाताच्या बोटांवर खरचटल्याच्या खुणा होत्या. त्या मी पाहिल्या, आणि खाली बघितलं.

मी तीस वर्षं नवीन मुलांना शिकवलं की एसी थंडी बनवत नाही, तो इकडची गरमी उचलून तिकडे टाकतो. दीड टनाचं मशीन त्या कोठडीत किती गरमी टाकत होतं, हे माझ्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत?

म्हणून आम्ही सांगलीला आलो. मशीन काढून आणायचं माझं धाडस झालं नाही. त्याला हात लावायचाच धीर नव्हता. मग तुम्ही येणार म्हणालात. फ्लॅटमध्ये लहान मूल खेळेल तर सगळं ठीक होईल, असं मी स्वतःला सांगितलं. तुला सांगायला हवं होतं.

तुझ्या टकटकीला काय कारण द्यावं, मला माहीत नाही. मशीन बंद ठेव. मला त्या खोलीत एकदा जायचं आहे. तू येऊ देशील तर.

राजामामा

---

नोएडा, २० जून १९९७

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मला राग आलाय आणि तो लपवत नाही. तुम्ही आम्हाला किल्ली दिलीत तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती.

टकटक झाली त्या दिवसापासून मशीन बंद आहे. मी पीसीओवरून सबरवालांना फोन केला. वाटलं होतं येणार नाहीत, पण रविवारी सकाळी आले, एकटेच. चाळिशीचे असतील, केस पांढरे झालेत. फ्लॅट विकायचा त्यांचा विचार होता, पण कुलूप उघडायलाही ते इथे आले नव्हते. पुष्कर, मी आणि ते, असे तिघं आत गेलो.

त्या खोलीच्या दाराला अजून बाहेरून कडी लावलेली होती. ती काढायला पुष्करला हातोडी लागली. आत जमिनीवर बोटभर धूळ. आम्ही आत पाय ठेवले ते ठसे सोडून एकही ठसा नव्हता, उंदराचासुद्धा नाही. चारपाई, एक पितळी पेला, नळ नाही, खिडकी नाही. आणि समोरच्या भिंतीत आपल्या मशीनची पाठ. तिच्यावर चार घड्या घातलेली पांढरी ओढणी, चारही कोपरे आत दाबलेले. मामा, मशीन दोन आठवडे बंद होतं. ओढणीतून पाणी ठिबकत होतं.

सबरवालांनी ती काढून हातात धरली. म्हणाले, आईच्या सगळ्या ओढण्या त्यांनी स्वतः गढच्या घाटावर गंगेत सोडल्या होत्या. मग चारपाईवर बसले. मी त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, हिंदीत सांगत सांगत. मला वाटलं होतं ते चिडतील. पण ते म्हणाले, "एक बार जाकर कह देता कि अंकल, अंदर माँ है. बस इतना ही कहना था. मैं ज़िद में रह गया."

पुष्कर म्हणतो, वरच्या टाकीचा पाइप कुठेतरी पाझरत असेल. मी त्याला छत दाखवलं. कोरडं होतं.

माफ करणं माझ्या हातात नाही, ते मी कसं लिहू? पण तुम्ही या. सबरवाल म्हणाले, तेही येतील.

मृणाल

---

सांगली, ९ जुलै १९९७

मृणाल बाळ,

मी नोएडाहून सुखरूप पोचलो. वासंतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी मी ऐकलं होतं, तेव्हा तुम्ही माझं ऐकलं नाहीत. मी हो म्हटलं.

त्या दुपारी तू माझं म्हणणं मानलंस, त्याचे आभार मी तिथे मानले नाहीत. मी चारपाईवर बसलो, सबरवालने दार लोटलं, तो बाहेर थांबला आणि तू तुझ्या खोलीतून मशीन चालू केलंस. पाच मिनिटांत शर्ट भिजला. मग घाम येणं थांबलं. हवा तोंडावर येत होती ती भट्टीची. मी उठून मशीनच्या पाठीवर हात ठेवला, तर पत्रा चटका देत होता. तिथे हाताच्या उंचीवर भिंतीचा गिलावा एका ठिकाणी झिजलेला आहे. मी तिथे बोटं ठेवली. माझी बोटं त्या जागी बरोबर बसली. मग परत चारपाईवर बसलो. मला काही दिसलं नाही, आणि माझ्या कानांना काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. फक्त एकदा वाटलं की चारपाई दुसऱ्या बाजूने थोडी दबली. गरमीने माणसाला काहीही वाटतं.

मग मशीन बंद झालं आणि तू पाणी घेऊन आलीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. सबरवाल समोर होता म्हणून तेव्हा विचारलं नाही, आता विचारतो. मी तुला एक तास चालवायला सांगितलं होतं. घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं झाली होती. तू मशीन मधेच का बंद केलंस? मामाची दया आली असेल तर मला ती नको होती. त्या बाईवर कोणी दया केली नव्हती.

खरं काय ते लिही.

राजामामा

---

नोएडा, १७ जुलै १९९७

प्रिय मामा,

मशीन काढलं. नरसिंह येईना, म्हणून पुष्कर आणि सबरवालांनी मिळून उतरवलं. सबरवाल म्हणाले, शाफ्टवरचा स्लॅब ते पाडून घेणार आहेत. काल मजूर येऊन माप घेऊन गेले. खिडकीला सध्या नुसता गज आहे आणि तिच्यातून त्या रिकाम्या खोलीतला उजेड दिसतो, कारण तिकडचं दार आता उघडं असतं. सलोनी पुढच्या खोलीत झोपते. आम्ही कूलर घेतला.

तुम्ही खरं विचारलंत म्हणून लिहिते. पुष्करलाही सांगितलेलं नाही.

मला तुमची दया आली नव्हती. मी रागातच बसले होते. मांडीवर घड्याळ ठेवलं होतं आणि ठरवलं होतं की पूर्ण तास चालवायचं, तुम्ही हाक मारलीत तरी.

वीस मिनिटं होत आली होती. मशीनचा आवाज चालूच होता, आणि त्या आवाजाच्या आत, जाळीच्या अगदी जवळून, एक बाई बोलली. मोठ्याने नाही. घरात कोणी झोपलेलं असताना आपण बोलतो, तितकंच. तुम्ही हळू आवाजात सबरवालांशी बोलत असाल असं मला वाटलं असतं, पण आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, आणि पंजाबी वळणाचा. तिने मला आधीपासून ओळखत असल्यासारखं "पुत्तर" म्हटलं.

म्हणाली, "बस कर, पुत्तर. बंद कर दे. अंदर बुज़ुर्ग बैठे हैं."

मी बटण बंद केलं.

तुमची मृणाल